अर्धी गोळी

सुपारीच्या अडकित्त्याने मी गोळी कापते.
पांढरी, मसुराएवढी, मधोमध रेघ असलेली.
रेघेवर ती कधीच तुटत नाही.
एक तुकडा मोठा, एक लहान, थोडी पूड ताटलीत.
पूडही बोटाने टिपून चाटते.
हिशेब चुकायला नको.

हिशेब मला येतो.
देवगडच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या मोजून
वहीत मांडायचे, हीच माझी नोकरी.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
तारीख, वेळ, किती गोळी, किती साखर.

दोनदा गर्भ ठेवला, दोनदा रुजला नाही.
मग कोल्हापूरच्या मुतालिकबाई म्हणाल्या,
तिसऱ्या वेळी स्टेरॉइड देऊन बघू.
काहीजणींना उपयोग होतो असं वाटतं,
खात्रीचा पुरावा नाही.
साखर वाढेल, झोप उडेल, चेहरा सुजेल,
तापाखोकल्याला जपा,
आणि आपल्या मनाने बंद करू नका कधी.

मला होईल उपयोग?
माहीत नाही, म्हणाल्या.

गगनबावड्याचा घाट उतरताना एस्टीत
उलटी दाबत मी तेवढंच घोळवत होते.
इतक्या दवाखान्यांत इतके पैसे भरल्यावर
पहिल्यांदाच कुणी
माहीत नाही म्हणालं होतं.

उल्हासने त्याच्या परीने समजून घेतलं:
"बंदरावर शिपाय कसो टोकन बघता,
तसोच एक तुझ्या आंगात बसलोसा.
परकी होडी लागूक देणा नाय.
गोळी दिली की जरा डुलकी काढतलो,
तेवढ्यात आपली लागात."
आणि त्या डुलकीत
दुसऱ्याच कुणाची लागली तर?
तो जाळ्याची सुई शोधू लागला.

लागली.
आठव्या दिवशी जिभेवर पांढरा थर,
मग खोकला, जो जाईचना.
रात्री तीनला डोळे टक्क.
सगळे डबे घासले, फडताळ धुतलं,
फाटकं जाळं विणून काढलं, शेजारच्यांचंही.
अंगात दुसऱ्याच कुणाचं तरी बळ,
आणि रागही त्याचाच:
चहात साखर पडली म्हणून कप भिंतीवर फेकला,
मग तुकडे वेचत बसले.

मीठ कमी करा, कागदावर लिहिलं होतं.
खाऱ्या बांगड्याच्या घरात!

गाल वर चढले. डोळे आत गेले.
बँकेतला पोरगा आधारच्या फोटोकडे बघे, माझ्याकडे बघे.
लिलावात पार्वतीने पाटी खाली ठेवली:
"तोंड भरला गो तुझा! कायतरी आसा काय?"
नाही, म्हटलं.
तिला वाटलं, लाजतेय.

चौदाव्या दिवशी रक्त दिलं.
दुपारी फोनवर आकडा आला.
आकडे मला कळतात.
मी तीस लाद्या पुन्हा मोजल्या.
तीसच होत्या.

संध्याकाळी बाईंना विचारलं,
आता गोळ्या बंद ना?
एकदम नको, म्हणाल्या.
अर्धी, मग पाव, मग दिवसाआड.
तुमच्या शरीराने स्वतःचं करणं थांबवलंय.
त्याला आठवायला वेळ द्या.

पण आता कुणासाठी?
हे त्यांना विचारलं नाही.
फोन ठेवल्यावर विचारलं, अडकित्त्याला.

काल पाव तुकडा उडून चुलीखाली गेला.
मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर.
उल्हास समुद्रावरून नुकताच आलेला,
अंगाला डिझेलचा वास,
तोही काही न विचारता बाजूला टेकला.
दोघं फरशीवर हात फिरवत राहिलो,
चण्याएवढंही नसलेल्या कशासाठी तरी.

त्यालाच सापडला.
लुंगीला पुसून माझ्या तळव्यावर ठेवला.
"अजून किती दिवस मीठ नको?"
आठ.
"आठ दिवसांनी खारो बांगडो भाजून देतंय."

चौथ्या वेळेबद्दल
तो बोलला नाही, मीही नाही.

पाणी प्यायले.
वहीत लिहिलं: पाव.